नाव दुसऱ्याचे, ओ आपली



सज्जनहो, वारीच्या वाटेवर दोन अनोळखी माणसे भेटली म्हणजे आधी एकमेकांच्या पाया पडतात. मग पहिला प्रश्न येतो, "काय नाव, माउली?" आणि दुसरा येतो, "गाव कोणतं?" नाव कळले, गाव कळले, की पाण्याचा तांब्या पुढे होतो, भाकरीतला अर्धा तुकडा पुढे होतो. जन्मापासून आजवर हजारो वेळा आपण आपले नाव सांगितले असेल. पण हे नाव आपल्याला का मिळाले, त्याचा अर्थ काय, आणि मिळाल्यावर आपण त्याचे काय केले, हे विचारायला सवड झाली नाही. देवाच्या नामावर आपण पुष्कळ कीर्तने ऐकतो आणि ऐकावीतच. आज मात्र थोडे आपल्या स्वतःच्या नावाकडे पाहू. विषय लहान दिसतो, पण तसा तो नाही. नामाचे जे वर्म आहे तेच आपल्या नावातही आहे, असे माउलींच्या वचनावरून दिसते.

प्रथम एवढे पाहा, की नावाला आपण आपले म्हणतो, पण ते आपण कमावलेले नाही, मागितलेले नाही, निवडलेलेही नाही. मूल जन्माला येते तेव्हा त्याच्याजवळ काय असते? हात असतात, पाय असतात, भूक असते, रडणे असते. नाव तेवढे नसते. बारसे होईपर्यंत घरातली माणसे त्याला बाळ म्हणतात, सोन्या म्हणतात, ठकी म्हणतात. मग बाराव्या दिवशी पाळणा सजतो. दोघी सुवासिनी पाळण्याच्या वरून आणि खालून मुलाला एकमेकींच्या हाती देतात, देवाची नावे घेत घेत देतात. आत्या पुढे होते, मुलाच्या कानाशी तोंड नेते आणि कुर्र करून नाव सांगते. तोच बाकीच्या बाया तिच्या पाठीत हौसेने धपाटे घालतात. एवढा सोहळा होतो, आणि ज्याचा सोहळा ते मूल मूठ चोखीत पडलेले असते! ज्याचे नाव ठेवले त्यालाच पत्ता नाही.

आणि गंमत अशी, की त्या नावाचा त्याला स्वतःला उपयोगही नाही. आपल्या नावाने आपण स्वतःला कधी हाक मारतो का? एकटा माणूस रानात राहिला तर त्याला नाव लागणार नाही. नाव आपले म्हणायचे, पण ते राहते दुसऱ्याच्या तोंडात. मग आपले असे काय राहिले? आपली राहिली ती फक्त ओ.

हा विचार माझ्या पदरचा नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात माउलींनी हाच दृष्टांत घेतला आहे. तेथे प्रसंग असा आहे, की ॐ तत् सत् हे ब्रह्माचे तीन पदांचे नाव भगवान अर्जुनाला सांगतात. ऐकणाऱ्याला शंका येते. ज्याला रूप नाही, जात नाही, गुण नाही, त्या ब्रह्माला नाव कोठून आले? माउली ही शंका टाळीत नाहीत. ते सांगतात, की खरेच त्याला नाव नाही. पण नुकत्या उपजलेल्या बाळाजवळ तरी नाव कुठे असते? तरीही ठेवलेल्या नावाने हाक मारली, की ते ओ देत उठते. तसेच येथे आहे. संसाराच्या शिणाने कष्टलेले जीव देवाकडे गाऱ्हाणे घेऊन येतात. त्यांनी हाक तरी कोणत्या नावाने मारावी? म्हणून वेदाने कृपाळू होऊन खूण ठरवून दिली, की या नावाने हाक मारा म्हणजे तो ओ देईल.

काय जोडी जमवली आहे पाहा! एका बाजूला अनंत ब्रह्मांडांचा धनी, आणि दुसऱ्या बाजूला पाळण्यातले बारा दिवसांचे पोर. दोघांनाही स्वतःचे नाव नाही. दोघांनाही दुसऱ्याने प्रेमाने नाव ठेवले. आणि दोघांचेही मोठेपण एकाच गोष्टीत आहे, की हाक आली म्हणजे ओ द्यायची. सज्जनहो, आजच्या निरूपणाचे सूत्र एवढेच धरा. नाव दुसऱ्याने द्यायचे, ओ आपण द्यायची. नावाचा अर्थ कोशात नसतो. तो हाक मारणाऱ्याच्या पोटात असतो आणि ओ देणाऱ्याच्या वागण्यात असतो.

आधी हाक मारणाऱ्याचे पोट पाहू. आपल्या खेड्यापाड्यांत दगडू, धोंडू, भिकू, केरू, कचरू अशी नावे पुष्कळ होती आणि जुन्या माणसांत अजूनही आहेत. शाळेतली पोरे त्यांना हसतात. कोश उघडला तर दगडू म्हणजे दगड, केरू म्हणजे केर. पण ज्या माउलीने ते नाव ठेवले तिला विचारा. आधीची दोन-तीन लेकरे हातची गेलेली असत. पुढचे झाले, की तिच्या छातीत धडकी भरे. चांगले नाव ठेवले तर काळाची दृष्ट लागेल, म्हणून ती म्हणे, हा माझा दगड आहे, याला नेऊन तू काय करणार? कुणी मूल क्षणभर केरावर ठेवून उचलून घेई आणि त्याला केरू म्हणे. कुणी पदर पसरून भीक मागे आणि त्याला भिकू म्हणे. वरून नाव दगडाचे, आणि आत लोण्याचा गोळा! "तू मला हवास, काहीही झाले तरी हवास," हा त्या नावाचा अर्थ. म्हणून ज्याचे नाव दगडू असेल त्याने खाली मान घालू नये. इतके काळजाचे नाव राजवाड्यातही ठेवले गेले नसेल.

आता दुसरी रीत. आपल्या मंडळींत विठ्ठल, पांडुरंग, ज्ञानोबा, तुकाराम, नामदेव, एकनाथ, रुक्मिणी, मुक्ता, जना ही नावे घरोघर आढळतात. वाडवडिलांचा हेतू उघड आहे. मुलाच्या निमित्ताने दिवसातून पन्नास वेळा देवाचे आणि संतांचे नाव तोंडी यावे. याला आधार भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाच्या कथेचा. कान्यकुब्जातला हा ब्राह्मण आचार सोडून वाहवत गेला. त्याला दहा मुलगे. धाकट्याचे नाव नारायण, आणि त्याच्यावर बापाचा फार जीव. मरणाच्या वेळी यमदूत दिसले तसा तो घाबरून ओरडला, "नारायणा!" त्याने बोलावले पोराला आणि धावून आले विष्णुदूत.

ही कथा येथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचा भाग सांगायचा मात्र राहून जातो, आणि खरी मेख तेथे आहे. सुटका झाल्यावर अजामिळ पुन्हा त्या जुन्या घरात रमला नाही. यमदूतांचा आणि विष्णुदूतांचा संवाद त्याने ऐकला होता. त्याला आपल्या आयुष्याचा पश्चात्ताप झाला आणि तो गंगाद्वाराला जाऊन साधनेला बसला. म्हणजे काय झाले? हाक त्याच्याकडून अजाणता गेली होती. देवाने ओ दिली. मग देवाने हाक मारली, आणि त्या हाकेला अजामिळाने जाणून ओ दिली. दोन्हीकडून ओ झाली तेव्हा नावाचे काम पुरे झाले.

आपल्या घरात काय चालते ते पाहा. मुलाचे नाव हौसेने पांडुरंग ठेवायचे, आणि सकाळी उठल्यापासून, "पांड्या, मेल्या, कुठं उलथलास?" आता कुणी म्हणेल, महाराज, जनाबाईनेही देवाला विठ्या म्हटले. म्हटले खरे! पण तिचा विठ्या तिच्याबरोबर जात्याला हात लावीत होता. अक्षरे तीच असतात, भाव निराळा असतो. आजी नातवाला पांड्या म्हणते ते नाव तुपासारखे लागते. तेच नाव मालक गड्याला दहा माणसांत तोंडावर फेकतो तेव्हा चाबकासारखे लागते. लहान मूलदेखील हा फरक ओळखते, मग मोठ्या माणसाला कळत नसेल काय?

येथे एक शंका येते. नावाने माणूस घडतो म्हणावे, तर जगात उलटेच दिसते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे आपण म्हणतोच. श्रीधर नावाचा कर्जात बुडालेला असतो, शांता नावाची दिवसभर भांडत असते. मग नावात आहे काय?

हीच शंका पैठणला भर सभेत निघाली होती. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांची चार लेकरे. रूढ मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा, ज्ञानदेवांचा ११९७ चा, सोपानदेवांचा ११९९ चा आणि मुक्ताईचा १२०१ चा. बापाने संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून सगळे घर वाळीत पडलेले. त्या आईबापांजवळ मुलांना द्यायला काय होते? समाजात जागा नव्हती, मुंजीचा अधिकार नव्हता, चार घरचा शेजार नव्हता. त्यांनी दिली ती नावे. आणि नावे तरी कशी? निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती. आधी मन विषयांतून मागे फिरावे, मग ज्ञान व्हावे, त्या ज्ञानाची पायरी चढावी आणि शेवटी मोकळे व्हावे. सगळा परमार्थ चार पाळण्यांत घालून ठेवला. पुढे त्या आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला. लेकरांच्या पदरात राहिली ती ही चार नावे.

ही मुले शुद्धिपत्र मागायला पैठणला आली. सभेने नावे विचारली. नावे ऐकून एक जण हसला. तेवढ्यात पाण्याची पखाल वाहणारा एक रेडा वाटेने येत होता. तो गृहस्थ म्हणाला, नावाचे काय घेऊन बसलात, त्या रेड्याचेही नाव ज्ञानाच आहे! महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे आणि ती आपण लहानपणापासून ऐकतो. पण आज नावाच्या अंगाने ती पुन्हा ऐका. आपले नाव रेड्याला आहे असे कुणी आपल्याला म्हटले तर आपण काय करू? भांडायला उठू. माझे नाव निराळे, माझे घराणे निराळे, असे म्हणू. ज्ञानदेवांनी तसे केले नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. पुढे त्यांनी हात ठेवताच रेड्याच्या मुखातून वेद निघाले. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. आपले लोक आजही तेथे जाऊन माथा टेकतात.

सभेने विचारले, नावात काय आहे? उत्तर शब्दाने आले नाही, पाठीवरच्या वळाने आले. ज्ञानदेव हे नाव त्या क्षणी खरे ठरले. वेद बोलविले तेव्हा नव्हे, त्याच्या आधी. आपल्या नावाच्या दुसऱ्या जिवाला मारलेले आपल्याला लागले, तेव्हाच ते ठरले. चमत्कार पुढचा आहे, ज्ञान आधीचे आहे. आपल्याला वाटते, नाव हे मी इतरांहून वेगळा आहे हे सांगण्यासाठी असते. माउलींनी दाखविले, की नाव हे मी कुणाचा आहे आणि माझे कोण आहे हे सांगण्यासाठी असते. तेव्हा शंकेचे समाधान असे, की नावाने माणूस आपोआप घडत नाही. नाव ही हाक आहे. कुणी ओ देतो, कुणी देत नाही. शांता नावाची भांडते, यात नावाची काय चूक? आईने तर रोज तिला शांतीच्या नावाने हाक मारली. तिने अजून ओ दिलेली नाही, एवढेच.

दुसरे उदाहरण चोखोबारायांचे घ्या. चोख सोने, चोख हिशेब असे आपण म्हणतो. चोखा म्हणजे शुद्ध, ज्यात भेसळ नाही ते. त्यांच्या बहिणीचे नाव निर्मळा, त्याचाही अर्थ तोच. ज्यांना जगाने जन्मभर अशुद्ध म्हणून लांब उभे केले, त्या घरात भावाचे नाव चोखा आणि बहिणीचे निर्मळा! जगाने एका नावाने हाक मारली, घराने दुसऱ्या. चोखोबांनी घराच्या हाकेला ओ दिली. शेवट कसा झाला ते आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेवराय तेथे गेले तेव्हा नुसत्या अस्थी उरल्या होत्या. कुणाच्या कोणत्या, हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठल विठ्ठल असे ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी उचलल्या आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली.

येथे क्षणभर थांबा, सज्जनहो. माणसाची ओळख शेवटी कशाने पटली? त्याच्या स्वतःच्या नावाने नव्हे. तो जन्मभर ज्याला हाक मारीत होता त्याच्या नावाने पटली. आपण गेल्यावर आपले नाव दगडावर कोरले जाईल, भिंतीवरच्या तसबिरीखाली लिहिले जाईल. पण हाडांत कोणते नाव उरेल? पैशाचे, शेताच्या बांधाचे, की कुणाच्या वैराचे? हा प्रश्न ज्याचा त्याने रात्री निजताना विचारावा. आणि हेही विसरू नये, की ज्या महाद्वारासमोर चोखोबा विसावले, ते दार त्यांच्या लेकरांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात पंढरीत उपवास केला तेव्हा ते उघडले. देवाने केव्हाच ओ दिली होती. आम्हालाच द्यायला उशीर झाला.

आता थोडे बोचेल असे बोलतो, राग मानू नका. वर दगडूचे नाव सांगितले. त्या नावात "हवास" हे दडलेले होते. पण आपल्याच मुलखात अशीही नावे ठेवली गेली, ज्यांत "नकोस" हे उघड होते. मुलगा हवा म्हणून वाट पाहिली आणि तिसरी, चौथी मुलगी झाली, तर तिचे नाव नकुशा. म्हणजे नको असलेली. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात अशा २८०हून अधिक मुलींना शासनाने समारंभ करून नवी नावे दिली. मुलींनी आपल्या पसंतीची नावे सांगितली, तशी प्रमाणपत्रे हाती आली. चांगले झाले. पण विचार करा, त्याआधी काय चालले होते? खेळताना, पाणी भरताना, शाळेत हजेरी घेताना, दिवसातून वीस वेळा त्या पोरीला कुणी तरी म्हणत होते, "नको!" आणि ती म्हणत होती, "ओ!" त्या ओ चा हिशेब कुणी द्यायचा?

सातारचे नाव घेतले म्हणून सातारकरांकडे बोट दाखवू नका. नाव वैशाली ठेवून वागणूक नकुशाची देणारी घरे सगळ्या जिल्ह्यांत आहेत. आपण वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, मुखी हरिनाम. त्याच मुखाने कुणाला लंगड्या म्हणतो, कुणाला बहिऱ्या म्हणतो, कुणाला जातीवरून हाक मारतो. मग मुक्ताई आठवा. वाळीत पडलेल्या, अन्नाला महाग झालेल्या घरातली ती चौथी आणि मुलगी. त्या काळी तिला नकुशा म्हणायला कितीशी अडचण होती? आईबापांनी नाव ठेवले मुक्ता. आणि त्या मुक्तेने पुढे काय केले? रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घातली, आणि चांगदेवासारख्या वयोवृद्ध योग्याने तिला गुरू मानले. लहानपणी घराने ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाला ती ओ देत गेली.

बायांच्या नावाचे तर आणखी एक आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायचे, की जुने नाव माहेरी राहिले. पुढे ती अमक्याची बायको, मग तमक्याची आई. आधारकार्डावर रखमाबाई लिहिलेले असते, आणि सगळा गाव तिला तान्याची आई म्हणतो. कित्येक म्हाताऱ्यांना आपले कागदावरचे नाव कुणी पुकारले तर पटकन ओळखूही येत नाही. आईपण मोठेच आहे, त्यात कमीपणा नाही. पण आत्याने कानात सांगितलेले पहिले नाव घरात एकदा तरी प्रेमाने कुणी घ्यावे की नाही?

छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची गोष्ट आहे. त्याला गुरुकुलात जायचे होते. त्याने आईला गोत्र विचारले. आई म्हणाली, बाळा, तारुण्यात मी घरोघर सेवा करीत फिरले, तेव्हा तू झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम. तेव्हा तू आपल्याला सत्यकाम जाबाल म्हण. मुलगा गेला आणि गौतमांपुढे जसेच्या तसे सांगितले. लपवले नाही, लाजला नाही. गुरू म्हणाले, तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा आण, मी तुझे उपनयन करतो. सत्यकाम म्हणजे सत्याची इच्छा धरणारा. आईने ठेवलेल्या नावाला त्याने गुरूच्या दारात ओ दिली, आणि आईचे नाव पुढे लावून दिली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा क्रम ठरला आहे. उपनिषदातली गोष्ट आता दाखल्यावर आली. कागदावर आली तशी मनातही यावी.

असो. आता तात्पर्य सांगून हे निरूपण पुरे करतो. फार साधन सांगत नाही, तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घरी जाऊन आई, आजी, आत्या यांतले जे कुणी हयात असेल त्यांना विचारा, की माझे नाव कुणी ठेवले आणि का ठेवले. ते कुठल्या देवाच्या नवसाचे असेल, गेलेल्या आजोबांचे असेल, एखाद्या संताच्या पुण्यतिथीचे असेल, किंवा दगडूसारखे भीतीतून आलेले असेल. सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. आणि कळल्यावर स्वतःला विचारा, की या हाकेला मी आजवर ओ दिली का?

दुसरी गोष्ट, दुसऱ्याला हाक मारताना त्याच्या नावाची विटंबना करू नका. आपण एखाद्याला ज्या नावाने रोज बोलावतो, त्याचा वळ कुठे उठतो हे पैठणच्या कथेवरून ध्यानी घ्या. घरच्या मुलीसुनांना नावाने, मायेने हाक मारा. शेतात येणारा गडी, झाडलोट करणारी बाई, यांना "ए" म्हणू नका. त्यांच्याही कानात कुणा आत्याने कुर्र केलेले आहे.

तिसरी गोष्ट, कुणी आपल्या नावाने हाक मारली, की मुखाने त्याला ओ द्या आणि मनाने देवाला द्या. मूल हाक मारील, शेजारी मारील, सावकार मारील, दुखणाईत मारील. कोणत्या तोंडाने तो बोलावील याचा नेम नाही. देवाला आपल्याशी बोलायला दुसरे तोंड कुठे आहे?

आषाढीला पंढरीत चुकलेल्या माणसांसाठी कर्ण्यावरून नावे पुकारतात. अमक्या गावच्या अमक्या बाई, जेथे असाल तेथून मदत केंद्राजवळ या, तुमची माणसे वाट पाहत आहेत. लाखो माणसांच्या कानांवर ते नाव पडते. सगळी पुढे चालत राहतात, एकच बाई थबकते. तिचे डोळे भरून येतात, कारण त्या एवढ्या गर्दीत कुणी तरी तिला शोधीत असते. आणि त्याच गर्दीत मागून कुणी नुसते "माउली!" म्हटले, तर दहा माणसे वळून पाहतात. विणेकरी वळतो, तुळस घेतलेली बाई वळते, चहाच्या गाडीवरचा पोरगा वळतो. एका हाकेने एकच माणूस उठतो, दुसऱ्या हाकेने सगळे उठतात. वारीत या दोन्ही हाका आहेत. पहिली सांगते, तुला तुझ्या नावाने ओळखणारा आहे, तू हरवणार नाहीस. दुसरी सांगते, तुझे नाव तुझ्या एकट्याचे नाही, ते सगळ्यांत वाटले गेले आहे. दोन्ही हाकांना जो ओ देईल त्याचे बारसे सार्थ झाले. त्याला नाव रखमा असो की दगडू.

विटेवर उभा असलेला तो तर आपल्या हाकेला केव्हापासून ओ देतो आहे. आता त्याच्या हाकेला ओ देण्याची पाळी आपली.

पुंडलिकवरदे हरि विठ्ठल, श्रीज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.